आठव्या पिढीची रेघ

मृग लागायच्या तोंडावर हिंगणघाट किंवा देवळीच्या एखाद्या कृषी केंद्राच्या ओट्यावर तासभर बसून पाहा. कोणी सहज विचारतो, "यंदा कपाशीची कोणती बॅग घ्यावं?" उत्तर लगेच मिळत नाही. आधी उलटतपासणी होते. वावर काळ्या जमिनीचं की बरड? ओलीत आहे का? मागच्या साली काय पेरलं होतं? डुकरं येतात का? एवढं झाल्याशिवाय कोणी वाणाचं नाव तोंडातून काढत नाही. आता हीच मंडळी वर्ध्याला कॉम्प्युटरच्या दुकानात गाठा. "घरी एक कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो," हे वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या स्टुलावरून निकाल येतो, "आय सेव्हन घ्या. त्याच्या खाली उतरूच नका." कोण वापरणार, कशासाठी वापरणार, हे विचारण्याची पद्धत नाही. बियाण्याला जमीन विचारतात, प्रोसेसरला कोणी काही विचारत नाही.

प्रोसेसर जुना घ्यावा की नवा, हा प्रश्न आमच्याकडे मतदानाने सुटतो आणि मतदार ठरलेले असतात. पहिला आकडेवाला. त्याच्या लेखी तिनापेक्षा पाच मोठे आणि पाचापेक्षा सात. पहिलीच्या गणितात वाद कसला? वाद आहे. २०११ साली आलेला आय सेव्हन २६०० आणि २०२२ साली आलेला आय थ्री १२१०० शेजारी शेजारी ठेवा. दोघांनाही कोअर चार, दोघांनाही थ्रेड आठ. पण मोठ्या नावाच्या म्हाताऱ्याला ज्या कामाला दोन मिनिटं लागतात, ते हा धाकट्या नावाचा पोरगा मिनिटाभरात उरकतो. विजेचा हिशोबही त्याच्याच बाजूने: कंपनीच्या कागदावर म्हाताऱ्याचा आकडा ९५ वॅट, पोराचा मूळ आकडा ६०.

खरी मेख नावाच्या शेपटीत असते. २६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. पण शेपूट वाचायला चष्मा लागतो आणि 'आय सेव्हन' हे दोन शब्द सोशालिस्ट चौकातून बजाज चौकापर्यंत ऐकू जातात. म्हणूनच जुन्या मालाच्या जाहिरातीत 'आय सेव्हन, एकदम कडक कंडिशन, डॉक्टरांनी वापरलेला' एवढं सगळं असतं, फक्त पिढी नसते.

दुसरा मतदार गीगाहर्ट्झवाला. हा पन्नाशीच्या पुढचा. याने पहिला कॉम्प्युटर पेंटियम फोरच्या जमान्यात घेतला. तेव्हा वेग मोजायचं एकच माप होतं आणि ते त्याने आजवर जपून ठेवलं आहे. पेंटियम फोर २००० सालच्या नोव्हेंबरात आला तेव्हा दीड गीगाहर्ट्झवर होता. तिथून चढत चढत तो ३.८ वर गेला आणि धापा टाकू लागला. पुढे ४ गीगाहर्ट्झचा वायदा होता; तो इंटेलला २००४ साली मागे घ्यावा लागला, कारण वेगापेक्षा उष्णता जोरात वाढत होती. ११५ वॅट खाणारी ती चकती मे महिन्यात, बाहेर ४६ अंश असताना, टिनाच्या खोलीत ज्यांनी चालवली त्यांना विचारा. कूलरचं तोंड माणसांकडून काढून कॅबिनेटकडे वळवलं जायचं, आणि घरातला म्हातारा पंख्याखाली सरकायचा.

मग २००६ च्या जुलैत कोअर टू ड्युओ आला. गीगाहर्ट्झचा आकडा खाली उतरला आणि काम वाढलं. एका फेऱ्यात किती काम उरकतं आणि कामाला हात किती, याला महत्त्व आलं. गीगाहर्ट्झ हे एकमेव माप तेव्हाच बाद झालं, पण गीगाहर्ट्झवाल्याला कोणी कळवलं नाही. तो अजून दुकानात येऊन विचारतो, "किती गीगाचा आहे?" आणि २.५ ऐकलं की ओठ बाहेर काढतो. "माझा त २००५ साली तीनचा होता जी."

तिसरा मतदार जागेवर नसतो. तो पुण्याला हिंजवडीत असतो आणि व्हिडिओ कॉलवर मत देतो. प्रत्येक वर्धेकर घराला पुण्यात एक भाचा असतो आणि त्याच्या मताला दोन मतांचं वजन असतं. "मामा, आय-बिय आता जुनं झालं. कोअर अल्ट्रा बघा." हे खरंच आहे. इंटेलने २०२३ साली नव्या प्रोसेसरांच्या नावातला आय काढून टाकला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अल्ट्रा डेस्कटॉपवरही आला. मामांचं आय थ्री, आय फाइव्ह पाठ होत आलं होतं, तेवढ्यात कंपनीने पाटीच बदलली.

भाचा एवढ्यावर थांबत नाही, शेवटची अक्षरं सांगतो. के असेल तर ताणून पळवता येतो, टी असेल तर वीज कमी खातो, एफ असेल तर थोडा स्वस्त. मामांच्या कानात शेवटचं तेवढं राहतं. एफवाला स्वस्त असतो, कारण त्याच्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. पेटी घरी येते, नारळ फुटतो, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाकुट्ट. केबल काढून घालून होतात, मॉनिटर शेजाऱ्याकडे नेऊन तपासला जातो, शेवटी पुण्याला फोन.

"मामा, मी गेमिंगच्या हिशोबाने सांगितलं होतं ना."

"अरे बाबू, मी इकडं सातबारा काढतो रे!"

तसा पुण्याचा प्रोसेसरवर हक्क पोचतो, हे मान्य केलं पाहिजे. पेंटियम घडवणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिलं घेतात ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. पण विदर्भाने मान खाली घालायचं कारण नाही. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, शिकले नागपुरात. ऐंशीच्या दशकात महासंगणक बाहेरून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सीडॅक निघालं आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' हा महासंगणक उभा राहिला. त्यात एक अजस्र प्रोसेसर नव्हता; इनमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे लहान लहान ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून, काम वाटून दिलं होतं. मोठा मिळत नाही म्हणून हटून न बसता, मिळाले त्यांना कामाला जुंपायचं, हा शहाणपणा अकोल्याच्या माणसाकडून आलेला आहे. पुढे ज्या एमएस-सीआयटीने गावोगावच्या मास्तरांना, ग्रामसेवकांना आणि बाबूंना माउस धरायला लावला, तो अभ्यासक्रम एमकेसीएलने २००१ साली सुरू केला आणि एमकेसीएल उभी करण्यातही भटकरांचा हात होता. त्या वर्गांमध्ये पेंटियमवर बसलेली पिढी आज मतदानाला येते, हे मात्र त्यांनी धरलं नसावं.

नवा म्हणजे निर्धोक, ही समजूतही तपासून घेतलेली बरी. पेंटियम आला १९९३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तो काही विशिष्ट भागाकारांत चुकतो हे उघडकीला आलं. कंपनीने आधी सांगून पाहिलं की सामान्य माणसाला याचा त्रास नाही. पण बोंब एवढी झाली की शेवटी मागेल त्याला बदलून देणं आलं, आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. वाटणीत चूक निघाली आणि चूक करणाऱ्याने ती स्वतः भरून दिली, असं उदाहरण आमच्या भाऊबंदकीत अजून नोंदलं गेलेलं नाही. अलीकडे २०२४ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही दांडगे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच जाळून घेतात, असं निघालं. कंपनीने दुरुस्ती पाठवली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे जुन्यात धूळ आणि नव्यात खोड. कोणतं परवडतं ते पाहायचं.

धुळीचं आता जवळून पाहू. 'कॉम्प्युटर लय स्लो झाला, प्रोसेसर बदला' म्हणून जी पेटी दुकानात येते, ती दुकानातला पोरगा टेबलावर आडवी घालतो. मागचे दोन स्क्रू फिरवतो, बाजूचा पत्रा सरकवतो आणि अर्धं पाऊल मागे सरतो. आत प्रोसेसर दिसतच नाही. दिसते ती राखाडी गादी. जिनिंगच्या रस्त्यावरचं घर असेल तर तिच्यात सरकीचे तंतू गुंतलेले. पंख्याच्या पात्यांवर तुपकट थर. एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, एखादं पेन-टोपण, पोराने कधीकाळी आत टाकलेलं रुपयाचं नाणं. ब्लोअर सुरू झाला की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं फुटपाथवर येतात. धुरळा बसल्यावर पोरगा हीटसिंक उचलतो. खालची पेस्ट वाळून तिची पापुद्री झालेली असते, बोटाने टोचलं की तुकडे पडतात. तो ती कापडाने पुसतो, आणि मग चांदीसारख्या झाकणावर बारीक अक्षरं उमटतात: कोअर आय फाइव्ह २४००, खाली कोस्टा रिका. कुठल्या कुठे जोडला जाऊन आलेला हा पाहुणा आर्वीच्या धुळीत नाक दाबून बसला होता. आतला पारा शंभर अंशांकडे गेला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, जळू नये म्हणून. घरचे म्हणतात, म्हातारा झाला. तो बिचारा फक्त जीव वाचवत असतो.

अर्धे म्हातारे इथेच तरुण होतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा दोष हार्डडिस्कचा असतो. जुन्या डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि सुई इकडून तिकडे उड्या मारते. सेकंदाला फार तर शंभरेक उड्या. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तोच हिशोब हजारांत जातो. डिस्क काढून एसएसडी लावली की चहा ठेवून सुरू करावा लागणारा कॉम्प्युटर चहाला आधण येण्याआधी उभा राहतो, आणि प्रोसेसर तोच. दुकानदार या बाबतीत निर्विकार असतो. "गुरुजी, बोर्ड मरते, एसएमपीएस मरते, डिस्क त मरतेच मरते. पण प्रोसेसर मेलेला मी क्वचितच पाह्यला."

मग प्रोसेसर जुना होतो कसा? तो होत नाही, त्याला ठरवलं जातं.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आलं आणि येताना एक रेघ घेऊन आलं. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० च्या मालिकेपासून पुढचा, शिवाय बोर्डावर टीपीएम २.० नावाची कुलपाची सोय हवी. बाकीच्यांना प्रवेश नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधारही थांबला आणि रेघेअलीकडच्यांची पंचाईत झाली. आता या रेघेचा न्याय पाहा. सातव्या पिढीचा आय सेव्हन ७७०० के जानेवारी २०१७ मध्ये आला, आपल्या काळातला मालदार गडी. तो रेघेबाहेर. २०१८ मध्ये आलेला सेलेरॉन जी ४९००, दोन कोअरचा, दहा टॅब उघडले की तोंडाला फेस येणारा. तो रेघेच्या आत, टीपीएमसकट, सन्मानाने. यादीत नाव येणं कर्तृत्वावर अवलंबून नसतं, हे पीकविम्याचे अर्ज भरलेल्या जिल्ह्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रेघ आहे म्हटल्यावर ती पुसून देणारे पोट्टेही आहेतच. थोड्या पैशांत ते जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवून देतात. पुढच्या मोठ्या अपडेटला रेघ पुन्हा उगवली तर मात्र त्यांचा फोन लागत नाही. दुसरा सरळ मार्ग लिनक्सचा. फुकट, हलकं, जुन्या मशीनवर सुखाने चालणारं. पण दुकानात कोणी 'लिनक्स' उच्चारलं की पलीकडून एकच प्रश्न येतो, "त्याच्यावर टॅली चालते का?" आणि चर्चा संपते.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस शांत असतो: लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला. त्याच्याकडे विंडोज एक्सपी आहे, त्याचा आधार विंडोजवाल्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ लाच काढून घेतला. त्याच्याकडे पेजमेकर ७ आहे, २००१ सालचा. मराठी फॉन्टचं पॅकेज आहे आणि ते उघडायला मशीनच्या पाठीला एक डोंगल खोचलेलं आहे. ते डोंगल नव्या मशीनला ओळख देत नाही. गेल्या वीस वर्षांतल्या साऱ्या पत्रिका, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सगळी लहान मुलं, सगळे प्रेषक आणि सगळी 'समस्त परिवार' मंडळी त्या जुन्या फॉन्टांत बसलेली आहेत. युनिकोडमध्ये उघडली तर 'चि. सौ. कां.' च्या जागी डॉलरचं चिन्ह, दोन कंस आणि एक टिंब येतं. म्हणून त्याने कोअर टू ड्युओ जपून ठेवला आहे, इंटरनेट जोडलेलं नाही, पेनड्राइव्ह कोणाचा लावू देत नाही. त्याला विचारा, नवा का घेत नाही? तो मान वर न करता म्हणतो, "याच्यात पत्रिका निंगते. नव्यात निंगते का?" सगळ्या जिल्ह्यात प्रोसेसर निवडण्याचं शास्त्र एवढ्याच वाक्यात मावतं, पण त्याचं मत कोणी घेत नाही, कारण त्याचा मॉनिटर अजून पेटीसारखा आहे.

नव्याची बाजू मांडायची तर मुख्य मुद्दा वेगाचा नाही, सॉकेटचा आहे. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिचं नाव तिच्यातल्या टोकांच्या संख्येवर ठेवलेलं असतं. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला ११५५, चौथीला ११५०, सहावीपासून ११५१, दहावीला १२००, बारावीला १७००, अल्ट्राला १८५१. आठवीची तर आणखी गंमत: टोकं तीच ११५१, पण सहावी-सातवीच्या बोर्डवर ती बसूनही चालत नाही, नवा बोर्डच लागतो. म्हणजे नुसता प्रोसेसर बदलीन म्हणणाऱ्याला बोर्ड बदलावा लागतो, बोर्ड बदलला की रॅम बदलावी लागते, आणि शेवटी जुन्यातलं फक्त कॅबिनेट उरतं, तेही 'आता लायटिंगचं घ्या' म्हणून जातं. एएमडीने एएम फोर ही एक खोबण २०१६-१७ पासून धरून ठेवली आणि २०२४ सालीही तिच्यासाठी नवे प्रोसेसर काढले. तरी आमच्याकडे एएमडी म्हटलं की कोणीतरी म्हणतोच, "गरम होते तो." हे मत पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मशीनवरून बनलं, ते मशीन भंगारात गेलं, मत शाबूत आहे.

दुकानदारांनी यातून मधला मार्ग काढला आहे. एक म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून उतरलेल्या, पुसूनपासून आणलेल्या पेट्या. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत येतात आणि घरच्या कामाला उत्तम. पण ओट्यावर ठेवलेल्या पेट्यांत चौथी, सहावी, आठवी पिढी मिसळलेली असते, बाहेरून सगळ्या सारख्या काळ्या. दुसरा प्रकार जास्त चमत्कारिक: नवाकोरा डबा, सील न फोडलेला एच ६१ चा बोर्ड, आणि त्याच्यावर २०११ च्या सुमाराचा जुना आय फाइव्ह. बिलावर बोर्ड 'न्यू', प्रोसेसर 'ओके'. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतो, "नवाच घेतला." खोटं असं त्यात काही नाही.

एका दुकानदाराला मी विचारलं, की तुम्ही आधी काम का विचारत नाही? तो म्हणाला, "विचारत असे जी पहिले. लोकाइले राग येते. एक जण म्हणे, तुले पैशाशी मतलब का माझ्या कामाशी? दुसरा म्हणे, काम त मागून निंगतेच नं!"

कामाआधी यंत्र घेणाऱ्या या जिल्ह्यातच कामावरून यंत्र मोजण्याचा वारसा पडून आहे, हे त्याला मी सांगितलं नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या अटींचा कागद आजच्या कोणत्याही प्रोसेसरच्या खोक्यावर छापावा असा आहे. चरखा हलका हवा, साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईला तो आठ तास फार कष्ट न पडता चालवता आला पाहिजे. आठ तासांत सुमारे १६,००० यार्ड सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं खळ न पडता टिकला पाहिजे, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. चाक मिनिटाला किती फेरे घेतं, हे त्यात कुठेच नाही. आधी घर, मग बाई, मग सूत, मग पैसा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत. शाळेची सहल तिथे जाते, मुलं चाक फिरवून पाहतात, आणि कोणता चरखा 'लेटेस्ट' हे विचारतात.

आता त्या अटी आपल्या आय फाइव्ह २४०० ला लावून पाहा. वीस वर्षं? चकती २०३१ पर्यंत आरामात जाईल. वर्षाची दुरुस्ती? ब्लोअर आणि चिमूटभर पेस्ट, पाच टक्क्यांच्या आतच. झोपडीत चालेल का? वीज असेल तेवढा वेळ चालेल. तो नापास होतो तो शेवटच्या, न लिहिलेल्या अटीवर. चरख्याला दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट येत नसे, आणि 'तुमचं सूत आता सुरक्षित नाही' असा निरोपही येत नसे.

तेव्हा कोणी विचारलंच तर मी एवढं सांगतो. घरी दुसरी-तिसरी-चौथी पिढी असेल आणि काम टायपिंग, भजनं आणि नातवंडांच्या फोटोंचं असेल, तर आधी धूळ काढा, एसएसडी लावा, मग बोला. बँकेचे व्यवहार, सेतूचे अर्ज, हिशोबाचं काम असेल, तर रेघेच्या पलीकडचं घ्या. आठव्या पिढीचा सहा कोअरवाला आय फाइव्ह ८५०० वापरलेला मिळाला तरी बरीच वर्षं निभेल. पोरगं इंजिनिअरिंगला असेल तर नवाच घ्या, आय थ्री १२१०० ऐकून नाक मुरडू नका, आणि एफ अक्षर दिसलं तर दोनदा विचारा. आय सेव्हन कोणी कितीही ओरडला तरी शेपूट वाचा. आणि घेतल्यावर किंमत कोणाला सांगू नका, कारण ऐकणारा म्हणणारच, "लयच महाग पडला जी. मले विचारलं असतं."

आमच्या रामनगरात असं म्हणणारे एक काका आहेत. त्यांना सगळ्या पिढ्या तोंडपाठ आहेत, भाव रोजचे माहीत आहेत. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. पेंटियम फोर आला तेव्हा ते म्हणाले, थोडं थांबू, स्वस्त होईल, झाला. कोअर टू ड्युओला थांबले, तोही उतरला. चौथी, आठवी, बारावी, सगळ्या पिढ्यांना ते थांबले, आणि सगळ्यांचे भाव त्यांनी सांगितल्याप्रमाणे खाली आले. आता ते अल्ट्रा उतरायची वाट पाहत आहेत. तोवर सातबारा काढायचा झाला की आमच्याकडे येतात, खुर्ची ओढून घेतात आणि पडद्याकडे बघत म्हणतात, "घाई केली तुम्ही." आजवर त्यांचा अंदाज एकदाही चुकलेला नाही.